परदेशातला संसार : हंडा-कळशीच्या आधी कागद



गेल्या महिन्यात दापोली तालुक्यातून एका मुलीचं पत्र आलं. लग्नाला दोन वर्षं झाली, नवरा दुबईत, आता तो तिला बोलावतो आहे. पत्र चार पानांचं आणि त्यातली तीन पानं सामानाची. कुकर किती लिटरचा न्यावा, गोधडी न्यावी का, सासूबाई म्हणतात तांब्याचा हंडा ने. शेवटी एक ओळ आहे : "भाड्याबिड्याचं ते म्हणतात मी बघतो, तू काळजी करू नकोस." हंड्यापेक्षा मला ही ओळच जास्त खटकली.

बेटा, मी दुबईत नऊ वर्षं संसार केला. सामानाचं शेवटी सांगते. आधी तुझा पासपोर्ट आणि निकाहनामा शेजारी शेजारी ठेव आणि नावं वाच. माझ्या निकाहनाम्यात घरी हाक मारतात ते नाव होतं आणि पासपोर्टवर शाळेतलं. काझीसाहेबांचा दोष नव्हता, आमच्याच माणसांनी त्यांना तसं सांगितलं होतं. ते निस्तरण्यात चार महिने गेले आणि काढलेलं तिकीट वाया गेलं.

नुसत्या उर्दू निकाहनाम्यावर तिथे काम होत नाही. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत विवाह नोंदणी करून दाखला घ्यायचा. मग त्यावर आधी राज्य शासनाचा शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, त्यानंतर अमिरातीच्या वकिलातीचा. हा क्रम बदलत नाही. दुबईत पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि अरबी भाषांतर. उद्या मूल झालं तर त्याच्या कागदांनाही हाच दाखला लागेल, म्हणून त्याच्या प्रती करून एक संच माहेरी ठेव. आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आत्ताच भरून घे. आपल्याकडे पुष्कळ बायकांचा तो रिकामा असतो. एकच नाव असलेल्यांना अमिरातीने २०२२पासून व्हिजिट व्हिसावर प्रवेश बंद केला आहे.

बायकोला बोलवायला नवऱ्याचा पगार ४,००० दिरहम हवा, किंवा ३,००० आणि कंपनीची राहायची जागा. हा आकडा ऐकून मुलं खूश होतात. पण त्या पगारात व्हिसा मिळतो, घर चालतंच असं नाही.

आता "मी बघतो" याचा हिशेब करू. समज, एका खोलीच्या फ्लॅटचं भाडं वर्षाला ४०,००० दिरहम ठरलं. आपल्याला वाटतं, महिन्याला सव्वातीन हजार, जमेल. पण दुबईत भाडं महिन्याला देत नाहीत. वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायचे. चार चेक ठरले तर पहिला १०,००० चा लगेच वटतो. एजंटला साधारण पाच टक्के, म्हणजे २,०००. मालकाकडे डिपॉझिट पाच टक्के, आणखी २,०००, फर्निचरसकट घर असेल तर दहा टक्के. वीज-पाण्याचं डिपॉझिट फ्लॅटला २,०००. झाले १६,००० आणि अजून घरात गादी नाही, गॅस नाही. शिवाय नगरपालिकेचा घरपट्टीसारखा एक आकार भाड्याच्या पाच टक्के असतो. तो दर महिन्याला वीजबिलातच येतो, आपल्या उदाहरणात १६६ दिरहम. पहिलं बिल हातात पडल्यावर मी शेजारणीकडे धावले होते, चुकून दुसऱ्याचं आलं म्हणून!

आणि तीन महिन्यांनी दुसरा चेक उभाच. त्या तारखेला खात्यात पैसे हवेतच.

म्हणून बेटा, फोनवर विचार, पहिल्या दिवशी किती रोख लागेल आणि ती कुठून येणार? मर्दांना हा प्रश्न बोचतो, ठाऊक आहे. माझ्या मियाँनाही बोचला होता. पुढे कळलं की त्यांनी सोफा आणि फ्रीजसाठी बँकेचं कर्ज काढलं होतं. मला यायचं म्हणून घर सजवायचं होतं त्यांना. त्या सोफ्याचे हप्ते आम्ही तीन वर्षं फेडत होतो आणि माझी अम्मी आजारी असताना मला तिकीट काढता आलं नाही. तेव्हा पैसे जमले नसतील तर सहा महिने थांब. जुनं सामान तिथे चांगलं मिळतं, लोक देश सोडताना विकतात.

दुसऱ्या कुटुंबाबरोबर फ्लॅट वाटून घेण्याचा सल्ला तुला मिळेलच. त्यात एकच बघ, मालकाची लेखी परवानगी आहे का. भाडेकरूने परस्पर पोटभाडेकरू ठेवणं तिथे बेकायदा आहे. आणि कुटुंबाच्या व्हिसासाठी भाडेकरार सरकारदरबारी नोंदलेला लागतो. त्या नोंदीला इजारी म्हणतात.

अजून एक गोष्ट, कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. तुझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेला असतो. त्याची नोकरी सुटली की तुझा व्हिसाही जातो. आणि अल्लाह सर्वांना हयात देवो, पण कुणाचं काही बरंवाईट झालं तर त्याचं बँक खातं गोठतं, कोर्टाचा वारसा निकाल येईपर्यंत त्यातला दिरहम मिळत नाही. आमच्याच इमारतीत एक बाई दोन मुलं घेऊन अशी बसलेली मी पाहिली. शेजाऱ्यांनी वर्गणी काढून तिची तिकिटं केली. एमिरेट्स आयडी मिळाला की आठवड्याभरात स्वतःच्या नावाने खातं उघड. थोडे थोडे पैसे तिथे राहू देत. आरोग्य विमा दुबईत बायकोसाठीही सक्तीचा आहे. त्यात बाळंतपणाचा खर्च किती मिळतो ते आधी वाच.

आता तुझी यादी. पहिलं, खसखस काढून टाक. अमिरातीत ती अमली पदार्थांत धरतात, पुडी सापडली तरी तुरुंगाची वेळ येते. सासूबाईंनी मसाल्यात दळून घातली असेल तर तो मसालाही नको, तिने वळलेले खसखशीचे लाडूही नकोत. पानंही नकोत. रस्सा दाट करायला खोबरं आणि काजू पुरे. खोकल्याचं कोडीनवालं औषध किंवा झोपेच्या गोळ्या कुणी "तिकडच्या मामांना दे" म्हणून दिल्या तर सरळ नाही म्हण.

मिक्सर ने, वीज आपल्यासारखीच आहे. फक्त प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो, तो तिथे बदलून मिळतो. गोधडी एकच ने, एसीत लागते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीमुळे नळाला चटके बसणारं पाणी येतं. तेव्हा गीझर बंद ठेवायचा आणि त्यातलं पाणी अंघोळीला घ्यायचं, तेच त्यातल्या त्यात थंड!

हंडा राहू दे, विमानात वजन खातो. भाकरीचा लोखंडी तवा मात्र ने. तांदळाचं पीठ तिथे मिळतं, तसा तवा मला नऊ वर्षांत मिळाला नाही.