मॅकडॉवेलचं वाणसामान

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला मॅकडॉवेल नावाची काउंटी आहे. क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, आणि सगळा डोंगर. दरीतून ओढा वाहतो, ओढ्याला लागून रस्ता, रस्त्याला लागून रेल्वेचे रूळ, आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत कोळसा कंपन्यांनी वसवलेली गावं. १९५० साली इथे जवळजवळ ९९ हजार माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत ती १९ हजारांवर आली. खाणींत यंत्रं आली, मग कोळशाची मागणीच घटली. जी तरुण मंडळी जाऊ शकत होती ती निघून गेली.

माझ्या वडिलांचं गावात किराणा दुकान होतं. साखरेवर किती सुटतं, ठोक व्यापारी किती माल उचलायला लावतो, गावातली दहा घरं शहरात गेली की गल्ल्यावर काय परिणाम होतो, हे मी घरात रोज ऐकलं आहे. म्हणून अमेरिकेतल्या ‘फूड डेझर्ट’विषयी, म्हणजे जिथे धड अन्नधान्याचं दुकानच उरलेलं नाही अशा भागांविषयी, मी वर्षानुवर्षं वाचत आले. त्यांच्या कृषी खात्याची व्याख्या सांगते की गरीब वस्तीतल्या बऱ्याच लोकांना सुपरमार्केट शहरात १ मैलापेक्षा आणि ग्रामीण भागात १० मैलांपेक्षा लांब पडत असेल, तर तो भाग या यादीत येतो. दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर. सपाट मैदानात, दारात गाडी असताना ते काहीच नाही. मॅकडॉवेलच्या वळणांच्या रस्त्यावर, गाडी नसलेल्या म्हाताऱ्या बाईला ते फार आहे.

याच काउंटीने १९६१ साली एक मोठी गोष्ट पाहिली. जॉन केनेडी आदल्या वर्षी निवडणुकीच्या प्रचारासाठी वेस्ट व्हर्जिनियात हिंडले होते आणि खाणकामगारांच्या घरातली उपासमार त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी फूड स्टॅम्पची योजना प्रायोगिक म्हणून पुन्हा सुरू केली. त्या प्रयोगातले पहिले स्टॅम्प २९ मे १९६१ रोजी इथल्या वेल्च गावात दिले गेले, खुद्द कृषिमंत्र्यांच्या हस्ते. घेणारा होता एक बेकार खाणकामगार. नवरा-बायको आणि मुलं मिळून घरात पंधरा माणसं. ९५ डॉलरचे स्टॅम्प घेऊन ते कुटुंब गावातल्याच दुकानात गेलं आणि डुकराचं मांस घातलेल्या घेवड्याचा डबा विकत घेतला. १९६४ साली या योजनेचा कायदा झाला. आज तिला स्नॅप म्हणतात, आणि देशभरातले सुमारे चार कोटी लोक तिच्यावर महिना काढतात.

त्या दिवशी वेल्चमध्ये स्टॅम्प मिळाले, आणि ते खर्च करायला दुकान चालत जाण्याइतकं जवळ होतं. साठ वर्षांत स्टॅम्पचं कार्ड झालं. दुकानाची काळजी मात्र कोणीच घेतली नाही.

२००५ साली किंबॉल गावाजवळ वॉलमार्टचं प्रचंड दुकान उघडलं. भाजी, फळं, मांस, औषधं, कपडे, सगळं एका छताखाली. लोक तिथे खरेदीला जात तसे भेटायलाही जात. पाऊस असला, बर्फ पडला की म्हातारी माणसं आतल्या आत फेऱ्या मारून व्यायाम करत. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने अमेरिकेतली १५४ दुकानं बंद करायची घोषणा केली. त्यात किंबॉलचं होतं. सुमारे १४० नोकऱ्या गेल्या. गावातल्या ‘फाइव्ह लोव्हज अँड टू फिशेस’ या अन्न वाटणाऱ्या संस्थेला दुकानातून शिल्लक माल मिळत असे, तोही थांबला. त्या संस्थेच्या लोकांनी पुढे मातीविना, पाण्यावर भाजी पिकवायला घेतली. त्यांच्या जिद्दीला नमस्कार, पण पालेभाजीच्या काही वाफ्यांवर काउंटी जेवत नाही.

आता काउंटीत दोन-चार गावांत छोटी किराणा दुकानं टिकून आहेत. बाकी ठिकाणी डॉलर स्टोअर. या साखळ्यांनी गेल्या वीस वर्षांत ग्रामीण अमेरिका व्यापली. त्यातल्या सर्वांत मोठ्या डॉलर जनरलचीच वीस हजारांवर दुकानं आहेत. अशा नेहमीच्या दुकानात शिरलं की समोर चिप्स, बिस्किटं, गोड पेयांच्या बाटल्यांच्या भिंती. मागच्या बाजूला फ्रिजमध्ये दूध, अंडी, चीज, गोठवलेले पिझ्झा. डब्यातला मका, डब्यातला घेवडा, डब्यातलं सूप. ताजी भाजी काही शाखांमध्ये आता ठेवतात. पुष्कळ ठिकाणी अजूनही कांदा-बटाटासुद्धा दिसत नाही.

म्हणून महिन्यातून एकदा मोठी खेप करायची. स्नॅपचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला कार्डावर जमा होतात. डोंगर ओलांडून शेजारच्या काउंटीतल्या मोठ्या दुकानात जायला एका बाजूने तासभर लागू शकतो. स्वतःची गाडी नसली तर शेजाऱ्याला पेट्रोलचे पैसे द्यायचे, आणि ते स्नॅपमधून निघत नाहीत. साबण निघत नाही, बाळाचे डायपर निघत नाहीत, दुकानातलं गरम शिजवलेलं अन्नही निघत नाही. आता महिन्याचं सामान एकदम भरणाऱ्या बाईने काय घ्यावं? कोथिंबीर-पालक चार दिवसांत माना टाकतो. सफरचंदं दोन आठवडे टिकतील. शहाणपणाची खरेदी म्हणजे जे महिनाभर टिकतं ते: डबे, गोठवलेलं, खारवलेलं, गोड. बाहेरून येणारा आहारतज्ज्ञ तिची ट्रॉली बघून नाक मुरडतो याचा मला मनापासून राग येतो. ती बाई आपल्याकडच्या कुठल्याही काटकसरी गृहिणीइतकाच हिशोब करते आहे.

२०१० च्या आसपास या काउंटीतल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६४ वर्षं होतं, अमेरिकेतल्या सगळ्या काउंट्यांत सर्वांत कमी. त्याचा सगळा दोष अन्नावर घालता येणार नाही. फुप्फुसातली कोळशाची धूळ आहे, वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन आहे, लांबचं इस्पितळ आहे. पण मधुमेह झालेल्या माणसाला डॉक्टर ताजी भाजी खा म्हणून सांगतो आणि भाजी तासाभरावर असते, तेव्हा त्या सल्ल्याचा उपयोग काय?

दुकानं का गेली? माणसं कमी झाली हे खरं, पण अर्धंच खरं. किराण्यात निव्वळ नफा शेकडा एक-दोनच्या आसपास राहतो. ठोक पुरवठादार किमान अमुक इतका माल घ्याल तरच ट्रक पाठवतो. गिऱ्हाईक घटलं की तो आकडा गाठता येत नाही, भाजी सडते, फ्रिजचं वीजबिल मात्र तेवढंच येतं. आणि त्याच कंपनीचा तोच डबा मोठ्या साखळीला कितीतरी स्वस्त मिळतो. हे होऊ नये म्हणून अमेरिकेने १९३६ साली रॉबिन्सन-पॅटमन कायदा केला होता: मोठ्या गिऱ्हाइकाच्या दडपणाखाली उत्पादकाने एकाला एक भाव आणि दुसऱ्याला दुसरा लावायचा नाही. १९८० नंतर सरकारने त्याची अंमलबजावणी जवळजवळ सोडून दिली. कायदा पुस्तकात राहिला. छोटा दुकानदार आळशी किंवा जुनाट होता म्हणून बुडाला असं मी कधीच मानणार नाही. माल विकत घेतानाच त्याला हरवलं गेलं.

काही गावांनी हात-पाय हलवले. नेब्रास्कातलं कोडी हे दीडशेच्या आसपास वस्तीचं गाव. तिथे २०१३ मध्ये गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंती उभारून दुकान बांधलं, आणि ते शाळेतली मुलं चालवू लागली. कॅन्ससमधल्या सेंट पॉल गावात दुकान गावपालिकेच्याच मालकीचं आहे. फ्लोरिडातल्या बाल्डविनने २०१९ मध्ये तसंच केलं, पण २०२४ मध्ये त्यांना कुलूप लावावं लागलं. गावाने मन मोठं केलं तरी खरेदीचा भाव छोट्या गिऱ्हाइकाचाच मिळतो. गावं एकेकटी लढून हे सुटणार नाही. नळाचं पाणी, टपाल, शाळेची बस या गोष्टी विरळ वस्तीत नफ्यात चालत नाहीत, तरी त्या बंद करा असं कोणी म्हणत नाही. किराणा दुकान त्याच रांगेत बसवायला हवं.

आपल्याकडे गडचिरोलीत भामरागडकडची गावं पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने तुटतात, म्हणून रेशनचं धान्य पावसाआधीच तिथे नेऊन ठेवतात. त्या व्यवस्थेत त्रुटी आहेत. तांदूळ-गव्हापलीकडे ती फारशी जातही नाही. पण लोकांपर्यंत अन्न नेऊन पोचवणं हे सरकारचं काम आहे, एवढं त्यात गृहीत धरलेलं आहे. अमेरिकेने पैसे पोचवण्याचं काम आपलं मानलं आणि अन्न पोचवण्याचं काम बाजारावर सोडलं.

आता पैशांवरही गदा आली आहे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने स्नॅपवरचा खर्च दहा वर्षांत सुमारे १८६ अब्ज डॉलरने कमी होईल, असा तिथल्या संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. धडधाकट प्रौढांनी महिन्याला ८० तास काम दाखवावं ही अट आता ६४ व्या वर्षापर्यंत लागू झाली आहे. मॅकडॉवेलमध्ये काम आहे कुठे? कार्डावरची रक्कम घटली की उरलेल्या छोट्या दुकानांचा गल्लाही घटणार, आणि ती मिटली की खिशात पैसे असलेल्यालाही भाजीसाठी डोंगर ओलांडावा लागणार.

हे सदर अमेरिकेतही वाचलं जातं, म्हणून तिथल्या मराठी वाचकांना सांगते. गणपतीत आणि दिवाळीत तुमची मंडळं अन्नदानासाठी डबे गोळा करतात, ते चांगलंच आहे. यंदा डब्यांऐवजी रोख पैसे द्या. अन्न वाटणाऱ्या संस्था त्याच पैशांत ठोक भावाने जास्त धान्य घेऊ शकतात. आणि ते पैसे आपल्या शहरातल्या संस्थेला न देता तुमच्या राज्यातल्या अशा एखाद्या काउंटीला पाठवा, जिथे मराठी मंडळ नाही आणि दुकानही नाही. ज्यांना मतदानाचा हक्क आहे त्यांनी आपल्या प्रतिनिधीला एक पत्र लिहावं: १९३६ चा कायदा अजून रद्द झालेला नाही, तो अमलात आणा.