विश्लेषण : अपिलासाठी वकील मिळेपर्यंत मुदत थांबते का?

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातील पक्षकारांची मुंबईवारी वाचली. मात्र अंतर कमी झाले म्हणून अपिलासाठी वकील शोधणे सोपे झालेले नाही.

किती दिवस हातात?

सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्यास ६० दिवस मिळतात. फाशी असेल तर ३०. दिवाणी निकालात साधारणपणे जिल्हा न्यायालयासाठी ३०, तर उच्च न्यायालयासाठी ९० दिवस. वकील मिळेपर्यंत ही मुदत थांबत नाही. निकालाची प्रमाणित नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात, पण नकलेचा अर्ज करण्यात पक्षकाराने घालवलेले दिवस वजा होत नाहीत. त्यामुळे वकील ठरायच्या आधीच नकलेचा अर्ज दिलेला बरा. विलंब माफीचा अर्ज करता येतो. तिथे उशिराचे सबळ कारण न्यायालयाला पटवावे लागते.

जुनाच वकील ठेवावा का?

साक्षी, उलटतपासणी हे सारे खालच्या न्यायालयात झालेले असते. अपिलात बहुतेक युक्तिवाद त्याच कागदांवर चालतो. उलटतपासणीत साक्षीदाराची भंबेरी उडवणारा वकील अपिलातही तितकाच तयारीचा असेल, असे नाही. वकिलांना जाहिरात करण्यास बंदी असल्याने पक्षकार ऐकीव नावांवर विसंबतो. अशा वेळी निकालपत्र वाचायला देऊन ‘यातला कच्चा मुद्दा कोणता?’ एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. निकालपत्र न चाळताच यशाची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. निकालावर अवलंबून फी ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांतही बसत नाही.

आधीचा वकील फीसाठी फाइल अडवत असेल तर? तसा अधिकार त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० मध्येच स्पष्ट केले आहे.

पैसेच नसतील तर?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अपिलासाठीही ही मदत मिळते, हे अनेकांना ठाऊक नसते. अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे करता येतो, हेल्पलाइन १५१००. तुरुंगातील कैद्याला अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येते.

कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि अपिलासाठी वकील मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सांगितले. त्यात उच्च न्यायालयाचा निकाल १९७३ चा होता. होसकोट यांची दाद सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा ते शिक्षा पूर्ण भोगून बसले होते.