दशमी की एकादशी?

२०२४ साली नाताळची सुट्टी आणि पोष दशमी एकाच दिवशी, २५ डिसेंबरला आली. शाळा बंद, मुले-नातवंडे गावच्या घरी जमलेली, आणि त्याच घरात कुणाचा अट्ठम तर कुणाची एकासणी चाललेली. नवमीला साखरेच्या पाण्याचे, दशमीला खिरीचे, एकादशीला पूर्ण भोजनाचे एकासणे, हा भगवान पार्श्वनाथांच्या स्मरणाचा क्रम अनेक श्वेतांबर घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दुकान मात्र उघडेच असते.

अशा वेळी नातवंडांचा एक प्रश्न ठरलेला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मार्गशीर्ष वद्य दशमी छापलेली असताना आजी तिला पोष दशमी का म्हणते? उत्तर व्यापाऱ्याच्या घरात चटकन पटावे असे आहे. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यानंतरचा कृष्ण पक्ष पौषाचा ठरतो. महाराष्ट्रात व गुजरातेत महिना अमावास्येला संपतो, म्हणून तोच पक्ष मार्गशीर्षात राहतो. रक्कम तीच, खाते निराळे.

दुसरा प्रश्न नाजूक आहे. कोल्हापूर-सांगलीकडील दिगंबर घरातून आलेली सून माहेरी हे जन्मकल्याणक एकादशीला पाळत आलेली असते. ‘तुमच्याकडे एक दिवस उशीरच,’ असे कुणी सहज म्हणते. तीही हसते, पण मुलासमोर माहेरची श्रद्धा चुकीची ठरल्याची सल मनात राहते. अशी थट्टा घरात होऊ नये हे बरे, कारण तिला आधारही नाही. एकादशी श्वेतांबरांनाही पूज्यच आहे. त्या तिथीला ते भगवंतांचे दीक्षाकल्याणक मानतात. वाराणसीतील जन्म, शंभर वर्षांचे आयुष्य, सम्मेदशिखरावरील निर्वाण, यांविषयी तर दोन्ही परंपरांत दुमत नाही.

उत्तराध्ययन सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात याहून मोठ्या भेदाची हकिगत आली आहे. पार्श्वनाथांच्या परंपरेतील केशी श्रमण आणि महावीरांचे शिष्य गौतम एकाच वेळी श्रावस्तीत उतरले होते. तेथे चार महाव्रते, येथे पाच, वेषातही फरक. दोन्हींकडचे शिष्य शंकेत पडले. केशींची परंपरा वडील म्हणून गौतम स्वतः तिंदुक उद्यानात गेले. केशींनी त्यांना बसण्यासाठी पराळ आणि कुशगवत दिले आणि मग सरळ विचारले, ध्येय एक असता हा भेद का? गौतमांनी कुणालाही खोटे ठरवले नाही. त्या त्या काळच्या साधकांची समज व स्वभाव निराळे, म्हणून व्रतांची मांडणी निराळी, असे त्यांनी सांगितले.

एकासण्याच्या दिवशी दुपारी घरात निवांतपणा असतो. हा संवाद आजीने तेव्हा नातवंडांना सांगावा, सुनेच्या देखत. आणि एकादशीच्या सकाळी मुलाला घेऊन सर्वांनीच दिगंबर मंदिरात दर्शनाला जाण्यात अडचण ती कोणती? सुट्टी तर संपलेली नसते.