कुलूप जन्मानंतरचं, किल्ली १८ कोटींची

बारावीच्या बायोलॉजीत डीएनएचा गोल जिना काढून तुम्ही मार्क मिळवले असतील. मग एक साधा प्रश्न. डोळ्यातल्या आणि यकृतातल्या पेशीत डीएनए एकच, तर यकृताला दिसत का नाही? कारण सगळी जनुकं सगळीकडे चालू नसतात. एका पेशीतला जवळपास दोन मीटर लांब डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. या गुंडाळीला म्हणायचं क्रोमॅटिन. ती घट्ट असेल तिथलं जनुक गप्प, सैल असेल तिथलं बोलतं. थेट डीएनएवर बसून कोणाला बोलू द्यायचं ते ठरवणारी सुमारे १६०० प्रथिनं माणसात आहेत.

त्यातलं एक नाव लक्षात ठेवा, बीसीएल११ए. सिकलसेलच्या जीन थेरपीच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, तर त्यामागचं खरं पात्र हे आहे.

आईच्या पोटात असताना आपलं रक्त वेगळं हिमोग्लोबिन वापरतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन सुरू होतं. बंद करणारा मुख्य गडी म्हणजे बीसीएल११ए. ते गर्भातल्या जनुकाच्या दारातच ठाण मांडतं आणि क्रोमॅटिन आवळणाऱ्या बाकीच्या प्रथिनांना बोलावून घेतं. सिकलसेलमध्ये बिघाड असतो तो मोठेपणीच्या हिमोग्लोबिनमध्ये. एक अमिनो आम्ल बदलतं आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकून रक्तवाहिनीत अडकते. त्या दुखण्याला सिकलसेलचे पेशंट काय म्हणतात ते एकदा त्यांच्याच तोंडून ऐका. पण गर्भातलं जनुक? ते धडधाकट असतं, फक्त कुलपात. म्हणूनच या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही.

कुलूप कोणाचं, हे २००८ मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या गटाने दाखवलं. मग बीसीएल११ए उडवूनच टाका ना! तसं चालत नाही. मेंदूला आणि रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींनाही ते लागतं. २०१३ मध्ये त्यावरही वाट सापडली. डीएनएचा एक छोटा तुकडा बीसीएल११एला फक्त लाल पेशींच्या वंशात जोर देतो. ‘कॅसजेवी’ ही थेरपी क्रिस्परने नेमका तोच तुकडा तोडते. म्हणजे ‘बिघडलेलं जनुक दुरुस्त केलं’ अशी हेडलाइन चूक आहे. बिघडलेलं जनुक तसंच राहतं, जुनं चांगलं जनुक पुन्हा कामाला लागतं.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने तिला मंजुरी दिली. चाचणीत तपासता आलेल्या ३१ पैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर दुखण्याचा एकही मोठा झटका आला नाही. भारीच आहे. किंमत २२ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने १८ कोटी रुपयांच्या वर.

आता आपल्याकडे या. विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात हा आजार घराघरांतला आहे. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं. उद्दिष्ट सात कोटी लोकांच्या तपासणीचं, आणि २०४७ पर्यंत आजाराच्या निर्मूलनाचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेची ‘बिरसा १०१’ ही देशी क्रिस्पर थेरपी जाहीर झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं. दाद द्यायलाच हवी. पण अशा उपचारात खर्च फक्त औषधाचा नसतो. पेशी काढायच्या, बदलायच्या, परत सोडण्याआधी केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करायची, आठवडेच्या आठवडे जंतुमुक्त खोलीत राहायचं. या केमोमुळे पुढे मूल होण्याची शक्यताही जाऊ शकते. भामरागडच्या विशीतल्या मुलीला हे कोण, कोणत्या भाषेत समजावणार?

त्यापेक्षा एक बोअरिंग गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हायड्रॉक्सीयुरिया नावाची जुनी, स्वस्त गोळी गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवते. परिणाम थेरपीइतका नाही, रोज घ्यावी लागते, रक्त तपासत राहावं लागतं. तरी झटके कमी होतात. तिच्यासाठी फीत कापायला कोणी येत नाही, एवढाच तिचा दोष.

आणि तुमचं काय? कॉलेजात तपासणी शिबिर लागलं आणि रिपोर्टवर ‘एएस’ आलं, तर तुम्ही वाहक आहात, पेशंट नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. हे गणित मुलगा आणि मुलगी दोघांचं मिळून आहे. तरी लग्न मोडताना बोट मुलीच्याच रिपोर्टकडे जातं. शिबिरात रक्त देताना तिथल्या ताईंना एवढं मात्र विचारा: ज्यांचा रिपोर्ट ‘एसएस’ येईल त्यांना गोळी कुठल्या आरोग्य केंद्रात मिळते, आणि या महिन्याचा स्टॉक आलाय का?