केंद्राला एक ‘मित्र’ हवा

पिरंगुट, माण, पौड किंवा ताम्हिणीकडची एखादी वाडी. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत दुपारी पोषण आहाराच्या वेळेला जाऊन उभे राहा. मुलांचं वागणं वर्गात तेवढं कळत नाही, जेवढं त्या अर्ध्या तासात कळतं. ताटं घेऊन रांग लागते. मागून रेटा येतो, पुढच्याची खिचडी सांडते, तो वळून शिवी हासडतो. ती पुष्कळदा समोरच्याच्या भाषेवरून किंवा गावावरून असते, कारण हिंजवडी-पिरंगुट पट्ट्यातल्या वर्गांत आज मराठवाड्यातून, कर्नाटकातून, बिहारमधून कामाला आलेल्यांची मुलं इथल्या मुलांच्या मांडीला मांडी लावून बसतात. बाई धावत येतात, दोघांनाही अंगठे धरून उभं करतात. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळेला तेच भांडण पुन्हा होतं.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 17 ने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. हे योग्यच झालं. पण छडी काढून घेतल्यावर शिक्षकाच्या हातात दुसरं काय द्यायचं, याचा विचार मात्र अर्धवट राहिला. मग छडीच्या जागी आरडाओरडा आला, टोमणे आले, ‘उद्या वडलांना घेऊन ये’ आलं. आणि वडीलही येऊन म्हणतात, ‘सर, चार ठेवून द्या, पण सुधरवा त्याला.’

अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या रॉब हॉर्नर, जॉर्ज सुगाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात यावर एक पद्धत उभी केली. चांगलं वागणं हे गणितासारखंच शिकवावं लागतं, हा तिचा पाया. साऱ्या शाळेने मिळून तीन-चारच अपेक्षा ठरवायच्या, त्याही ‘हे करू नका’ अशा नव्हे, ‘हे असं करा’ अशा. मग त्या नळावर, रांगेत, मैदानात प्रत्यक्ष करून घ्यायच्या. जमलं की लगेच, नाव घेऊन, काय चांगलं केलं ते सांगायचं. आणि भांडणं कुठे, कधी, कुणाची होतात याची नोंद ठेवायची. मला सर्वात मोलाची वाटते ती ही नोंद. नळावरची भांडणं महिनाभर लिहिली तर कदाचित दिसेल की दोष मुलांचा कमी आणि शंभर मुलांमागे असलेल्या एका नळाचा जास्त आहे. मेरिलँड राज्यातल्या 37 प्राथमिक शाळांत या पद्धतीची रीतसर चाचणी झाली. 2010 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा मुख्याध्यापकांसमोर मुलांना उभं करण्याचे आणि शाळेतून काही दिवस घरी पाठवण्याचे प्रकार घटलेले दिसले.

आपल्याकडे ही वाट अनोळखी नाही. लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं आणि शिक्षेवाचून शाळा चालते हे वर्षानुवर्षं दाखवून दिलं. पुण्याच्या शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ उपक्रम 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या 500 शाळांत सुरू झाला आणि पुढे राज्यभर गेला. पुस्तिका आल्या, प्रशिक्षणं झाली. मग प्रत्येक शाळेत ते का रुजत नाही?

याचं सर्वात स्पष्ट उत्तर मला बिहारमध्ये सापडतं. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या 74 सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. काही शाळांत शिक्षकांनाच हे काम दिलं. काही शाळांत त्याच भागातली, प्रशिक्षण दिलेली व्यक्ती याच कामासाठी नेमली, तिचं नाव ‘सेहर मित्र’. मुलांनी मनातलं लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, दादागिरीविरुद्धचे शाळेचे नियम, एकट्याने बोलायला जागा, हे सगळं दोन्हीकडे सारखंच. जिथे मित्र होता तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी, हिंसा आणि नैराश्य कमी झालं. जिथे शिक्षकांवरच काम टाकलं होतं तिथे जवळजवळ काहीच बदललं नाही.

यात शिक्षकांना दोष देण्यासारखं काही नाही. डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेतले गुरुजी दोन-दोन वर्ग एका वेळी सांभाळतात, आहाराचा हिशेब ठेवतात, ऑनलाइन माहिती भरतात, मतदार यादीच्या कामाला जातात. त्यांच्या हातात आणखी एक पुस्तिका दिली तर ती कपाटातच जाणार.

2018 मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आला आणि जमिनी गेल्यावर पोरं कुठल्या वाटेला लागतात ते साऱ्या महाराष्ट्राने पडद्यावर पाहिलं. गोष्ट काल्पनिक, पण अशी पोरं आधी कुठल्या ना कुठल्या शाळेत बसलेली असतात. तिसरी-चौथीत ती रांगेत धक्के देत असतात, आणि त्याच वयात त्यांच्याशी शांतपणे बोलायला कुणाला तरी वेळ असायला हवा.

म्हणून पौडच्या पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला माझं सांगणं आहे: आसपासच्या शाळांच्या एखाद्या केंद्रापासून सुरुवात करा. गावातलीच एखादी पदवीधर मुलगी किंवा मुलगा निवडा, नीट प्रशिक्षण द्या, मानधन द्या आणि दुसरं कुठलंही काम त्याच्या गळ्यात घालू नका. नालंद्याची चाचणी नववीच्या मुलांवर झाली होती. प्राथमिक शाळेसाठी रीत थोडी बदलावी लागेल, ती करून पाहूनच ठरेल. पैशांचं म्हणाल, तर 2013 च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा 2 टक्के वाटा समाजकार्यावर खर्च करायचा आहे आणि अशा कंपन्या हिंजवडी-पिरंगुटला हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांनी दप्तरं वाटली, भिंती रंगवल्या, चांगलं केलं. आता दोन वर्षं एका माणसाचा पगार द्यावा. आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनो, या महिन्याच्या बैठकीत एवढं तरी विचारा: आपल्या शाळेत भांडणं कुठे होतात, आणि त्याची नोंद कोण ठेवतं?