तेलासोबत वर येणारं रेडियम

अणू म्हटलं की कोकणातली माणसं रस्त्यावर येतात. जैतापूर प्रकल्पाच्या विरोधात 2011 मध्ये साखरीनाट्यात आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, एकाचा जीव गेला. तो विरोध मी रास्तच मानतो. पण किरणोत्सर्ग म्हणजे फक्त अणुभट्टी, ही आपली समजूत तेल उद्योगाच्या पथ्यावर पडते.

भूगर्भातल्या खडकांत युरेनियम आणि थोरियम असतं. त्यांच्यापासून बनणारं रेडियम खाऱ्या पाण्यात विरघळतं आणि तेल-वायूबरोबर वर येतं. दाब-तापमान बदललं की बेरियम सल्फेटसोबत त्याचं पाइपाच्या आत पुट धरतं, बोअरिंगच्या पाण्याने नळात क्षार धरावा तसं. टाक्यांच्या तळाच्या गाळातही ते साठतं. 1986 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात तेलविहिरींच्या नळ्यांत असं पुट सापडलं आणि तिथे हा प्रश्न ऐरणीवर आला.

आपल्या अरबी समुद्रात मुंबई हायचा शोध 1974 मध्ये लागला, 1976 पासून तेल निघू लागलं. जुन्या नळ्या आणि टाक्या कधी ना कधी भंगारात निघणारच. भंगारवाल्याला गंज दिसतो, किरणं दिसत नाहीत. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-60 पोचलं आणि एक माणूस दगावला. तेलाच्या पाइपातलं पुट तितकं जहाल नसतं. पण ते घासणाऱ्या, कापणाऱ्या मजुराच्या छातीत धूळ जाते, तीच घातक.

‘हे तर निसर्गातलंच आहे,’ असं उत्तर मिळतं. अफूही निसर्गातलीच आहे. तिला कायदा लागतोच ना? खोल खडकात विखुरलेलं रेडियम माणूस वर आणून एका जागी गोळा करतो, तेव्हा जबाबदारी निसर्गाची उरत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया 1664 मध्ये घातला गेला. त्या दिवशी ठेवलेल्या रेडियम-226 पैकी सुमारे 85 टक्के आजही शिल्लक असतं.

पावसाळ्यात मालवणच्या वाळूत डांबराचे गोळे येतात. ते पायाला चिकटतात, म्हणून निदान ओरड तरी होते. रेडियम चिकटत नाही, त्याला वासही नाही.

पापलेट खाऊ नका, असं मी म्हणत नाही. अफवेचा पहिला मार रापणकारालाच बसतो, म्हणून तर आकडे हवेत. समुद्रात सोडलेल्या पाण्यात, गाळात, भंगारात किती रेडियम आहे, हे मोजून मराठीत छापा आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा. जैतापूरबद्दल जे प्रश्न आपण विचारले, तेच तेलालाही विचारले पाहिजेत.