विश्लेषण : जाहीरनाम्याचा जेव्हा म्युझिक अल्बम झाला…

निवडणुकीत पक्षांचे जाहीरनामे पीडीएफमध्ये येतात आणि बहुतेक वेळा पीडीएफमध्येच राहतात. मोबाइलवर लांबलचक फाइल उघडून त्यातले शेतीचे कलम शोधणारा मतदार विरळा. प्रचारगीत मात्र रिक्षावरच्या भोंग्यातून थेट घरात शिरते. त्यात नेत्याचे नाव असते, चिन्ह असते, ढोल-ताशा असतो. आश्वासन कोणत्या पैशातून पूर्ण होणार, हे नसते. ही वाटणी आपण इतकी गृहीत धरली आहे की कुणी आख्खा जाहीरनामाच चालीवर बसवला, तर तो विनोद वाटेल.

दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात १९७० मध्ये नेमके तेच झाले. विनोद म्हणून नव्हे, पूर्ण गांभीर्याने.

काय होता हा अल्बम?

साल्वादोर आयेंदे त्या वर्षी ‘युनिदाद पॉप्युलार’ या डाव्या आघाडीचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते. आघाडीचा सविस्तर कार्यक्रम १९६९ च्या अखेरीस तयार झाला होता. त्याला जोडून सत्तेवर आल्यावर तातडीने करायच्या ४० गोष्टींची यादी होती. प्रत्येक मुलाला रोज अर्धा लिटर दूध, हे त्यातले सर्वात गाजलेले आश्वासन.

लुइस अ‍ॅडविस आणि सर्जिओ ऑर्तेगा या दोन संगीतकारांनी हा कार्यक्रम संगीतात बांधला. शब्द हुलिओ रोहास यांचे. अल्बमचे नाव ‘कान्तो अल प्रोग्रामा’, म्हणजे सरळ मराठीत ‘कार्यक्रमाचे गाणे’. गायला ‘इन्ती-इयिमानी’ हा गट होता. सांतियागोच्या सरकारी तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९६७ मध्ये तो सुरू केला होता. (इंजिनीअरिंगला जाऊन अभ्यासापेक्षा बँडवर जास्त वेळ घालवण्याची परंपरा जागतिक दिसते.)

गाण्यांची शीर्षकेच अनुक्रमणिकेसारखी आहेत. जमीन सुधारणेचे गाणे, सामाजिक आणि खासगी मालकीचे गाणे, सर्वांना शिक्षण या विषयावरचा वॉल्ट्झ, नव्या राज्यघटनेसाठी ‘रिन’ या लोकनृत्याची चाल. गाण्यांच्या मधे निवेदन. आणि एक ‘कुएका’. कुएका म्हणजे हातरुमाल फिरवत जोडीने करायचे चिलीचे लोकनृत्य. या अल्बममधली कुएका होती लष्कर आणि पोलिसांवर. नव्या चिलीच्या उभारणीत गणवेशातले लोकही सामील असतील, हा आघाडीच्या कार्यक्रमातला विचार त्या नाचाच्या तालावर आला होता.

याच मुद्द्याकडे पुन्हा यावे लागेल.

गाण्यांची गरज का पडली?

४ सप्टेंबर १९७० च्या तिरंगी लढतीत आयेंदे यांना सुमारे ३६ टक्के मते मिळाली. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा आघाडी होती सुमारे ३९ हजार मतांची. स्पष्ट बहुमत नसल्याने संसदेला शिक्कामोर्तब करावे लागले आणि ३ नोव्हेंबरला त्यांनी पदभार घेतला. मोठी वृत्तपत्रे विरोधात होती. अशा उमेदवाराकडे घरोघरी पोहोचण्याचे साधन काय? ‘नवे गीत’ म्हणून ओळखली जाणारी गायकांची चळवळ. काळे पोंचो घालून गाणारा ‘किलापायून’ हा गट, व्हिक्टर हारा, पार्रा भावंडे, इन्ती-इयिमानी. कम्युनिस्ट युवक संघटनेशी जोडलेली ‘दिकाप’ ही रेकॉर्ड कंपनी त्यांची गाणी काढत होती. आयेंदे गायकांच्या गराड्यात उभे आहेत आणि मागच्या फलकावर ‘गाण्यांशिवाय क्रांती नाही’ असे लिहिले आहे, हे त्या काळाचे प्रसिद्ध छायाचित्र.

अल्बम म्हणून तो कसा होता?

खरे सांगायचे तर असमान. संगीत उत्तम आहे. अँडीजमधल्या बासऱ्या, चारांगो, समूहस्वर यांची बांधणी आजही कानाला ताजी वाटते. पण कलमे गाताना गाणे अधूनमधून सरकारी परिपत्रकासारखे होते. याच अ‍ॅडविसने किलापायूनसाठी ‘सांता मारिया दे इकिके’ ही दीर्घ रचना केली. १९०७ मध्ये इकिके शहरातल्या शाळेत जमलेल्या संपकरी सोरा खाणकामगारांवर लष्कराने गोळीबार केला, त्या हत्याकांडाची ती कहाणी. त्यात एकही आश्वासन नाही. ती रचना आजही रंगमंचावर होते. ‘कान्तो अल प्रोग्रामा’ मुख्यतः अभ्यासकांच्या आणि जुन्या चाहत्यांच्या संग्रहात राहिला.

याचे मराठी उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत संयुक्त महाराष्ट्राची मागणी आहे, पण ती येते मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसाच्या विरहातून. ठराव म्हणून ती लिहिली असती, तर आज किती जणांच्या तोंडी असती?

तरीही जाहीरनाम्याच्या अल्बमला हसण्यावारी नेणे चूक ठरेल. कलम गाण्यात आले की ते लोकांच्या मालकीचे होते. दुधाचे वाटप झाले का, जमीन मिळाली का, हे विचारायला फाइल उघडावी लागत नाही. तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण जुलै १९७१ मध्ये झाले, तेही संसदेत एकमताने. मात्र गाण्याची एक अडचण असते. परिस्थिती बदलली की सरकार धोरण बदलू शकते, छापलेल्या रेकॉर्डला दुरुस्ती विधेयक लागू होत नाही. १९७२ च्या ऑक्टोबरमधला ट्रकमालकांचा संप, रिकामी दुकाने, भडकलेली महागाई, अमेरिकेने उघड आणि छुप्या मार्गांनी आवळलेला फास… यातले काहीच १९७० च्या गाण्यांत नव्हते, असणे शक्यही नव्हते.

मग लष्कराच्या कुएकाचे काय झाले?

११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने उठाव केला. अध्यक्षीय प्रासादावर हवाई दलाच्या विमानांनी बॉम्ब टाकले, आयेंदे यांचा तिथेच अंत झाला आणि जनरल पिनोशे सत्तेवर आले. ज्यांच्यासाठी कुएका बांधली होती, त्यांनीच गायकांना शोधायला सुरुवात केली. त्याच तंत्रविद्यापीठातून व्हिक्टर हारा यांना पकडून एका बंदिस्त स्टेडियममध्ये नेण्यात आले. तिथे छळ करून त्यांना ठार मारले गेले. शरीरात ४० हून अधिक गोळ्या होत्या. दिकापवर छापा पडला, रेकॉर्ड नष्ट झाल्या. चारांगो आणि केना या लोकवाद्यांवरही अघोषित बंदी आल्यासारखी स्थिती झाली. इन्ती-इयिमानी दौऱ्यासाठी युरोपात होते म्हणून वाचले; पुढची १५ वर्षे त्यांनी इटलीत काढली. किलापायून फ्रान्समध्ये राहिले.

हारा यांनी मृत्यूपूर्वी रेकॉर्ड केलेल्या गाण्यांत ‘मानिफिएस्तो’, म्हणजे ‘जाहीरनामा’, नावाचे एक गाणे होते. पत्नी जोन यांनी देशाबाहेर पडताना त्यांची रेकॉर्डिंग सोबत आणली आणि १९७४ मध्ये याच नावाचा अल्बम निघाला. त्यात पक्षाचे कलम नाही. गिटार कशासाठी आणि कुणासाठी वाजवायची, एवढेच तो माणूस सांगतो. चार वर्षांत जाहीरनामा या शब्दाचा अर्थ आघाडीच्या कार्यक्रमापासून एका गायकाच्या जबानीपर्यंत येऊन ठेपला होता.

न्यायाला मात्र आयुष्ये लागली. ते स्टेडियम २००३ मध्ये हारा यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. हत्येबद्दल सात निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षा चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केल्या, त्या ऑगस्ट २०२३ मध्ये. ५० वर्षांनी.

आणि नंतरची गाणी?

५ ऑक्टोबर १९८८ ला पिनोशे यांना आणखी मुदत द्यायची का, यावर सार्वमत झाले. विरोधकांना टीव्हीवर रोज रात्री १५ मिनिटे मिळाली. त्यांनी जाहिरात व्यवसायातली माणसे आणली आणि ‘आनंद येतोय’ अशा आशयाची जिंगल केली. इंद्रधनुष्य, हसरे चेहरे, एकही कलम नाही. ‘नाही’च्या बाजूने सुमारे ५६ टक्के मते पडली. भीतीच्या वातावरणात हा मार्ग शहाणपणाचाच होता, त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. पण आनंद म्हणजे काय, पेन्शन किती, शिक्षणाची फी कोण भरणार, हे त्या जिंगलला विचारता येत नव्हते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागो मेट्रोचे तिकीट ३० पेसोंनी वाढले आणि लाखो लोक रस्त्यावर आले. प्रश्न ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा आहे, अशी त्यांची घोषणा होती. संचारबंदी लागली, रस्त्यावर पुन्हा लष्कर आले. त्या दिवसांत गर्दीने आणि गिटार घेऊन जमलेल्या शेकडो वादकांनी गायलेले गाणे हारा यांचे होते, शांततेत जगण्याच्या हक्काबद्दलचे, १९७१ मधले.